दुपारची शांतता

प्रेमातल्या विश्वासघाताला रक्ताखेरीज उत्तर नसतं, असं डीटमारचं ठाम मत होतं. म्हणून घटस्फोटानंतरचा हिवाळा कसाबसा काढून तो कुऱ्हाडीसह लाइपझिगच्या बागवस्तीत, भाड्याच्या छोट्या बागा आणि लाकडी खोल्यांच्या वसाहतीत, शिरला. तिथे त्याची हायके आता त्याच्या शेजारच्याच बागेतल्या उल्फबरोबर राहत होती. त्याने उल्फच्या लाकडी खोलीचं दार फोडलं, टेबलाचे दोन तुकडे केले आणि पुढच्या घावात उल्फचा अर्धा कान उडवला. हायके किंचाळली.

कुंपणापलीकडून पोशेलकाकू कडाडल्या, "अरे डीटमार, एक ते तीन आवाज बंद, माहीत नाही?"

"याला मारतोय, काकू!"

"मग तीननंतर मार. माणसं झोपलीत इथे."

डीटमार ओशाळला. वस्तीचा जुना सभासद होता तो. त्याने कुऱ्हाड अलगद भिंतीला टेकवली. हायकेने कॉफी केली. कित्येक महिन्यांनी तिच्या हातची कॉफी! त्याचे डोळे भरून आले. कानाला फडकं दाबून उल्फ कुजबुजला, "मिटलं ना मग आपलं?"

डीटमारने घड्याळाकडे पाहिलं.

 

तीननंतर उल्फच्या खोलीतून बराच वेळ आरडाओरडा ऐकू येत होता, पण वस्तीतून एकही तक्रार आली नाही.