जिंकलेल्या सुनेचं मनगट

जिंकून आलेल्या माणसानं तोंड पाडून बसावं, हे सासूबाईंना मुळीच पटत नव्हतं. टीव्हीवरच्या, आधी ठरवून खेळल्या जाणाऱ्या कुस्त्यांच्या मोठ्या कार्यक्रमात सून जिंकली खरी, पण तिचीच कुस्ती सगळ्यांत रटाळ झाली म्हणून मोबाइलवर जो तो तिची सालटी काढत होता. पुढच्या कार्यक्रमाला बोलावतील की नाही, हा घोर तिला लागला होता.

“लोकांचं काय चुकलं?” तिच्या सुजलेल्या मनगटाला शेक देत सासूबाई म्हणाल्या. “तुझ्या आधीच्या कुस्तीतला तो मुखवटेवाला धक्का लागायच्या आधीच कण्हत होता, पण तोही बरा म्हणायचा. तू तुझ्यासमोरच्या त्या पोरीला डोक्यावर उचललंस काय, आणि बाळ पाळण्यात ठेवावं तशी खाली ठेवलीस काय!”

“उचलताना ती कानात म्हणाली, मानेतून कळ येतेय. हे बाहेर बोलले तर तिचं काम जाईल, आई.”

सासूबाईंनी शेक बाजूला ठेवून सुनेचं सुजलेलं मनगट हातात घेतलं. खाली ठेवताना त्या पोरीच्या मानेखाली गेलेला हात तो हाच होता.

“कुस्ती भिकारच झाली,” त्या म्हणाल्या. “पण माझ्या पोटच्या पोरीला कुणी आपटायचंच झालं, तर ती मी तुझ्याच हाती देईन.”