हलकी गोळी

टेबलावर दोन डबे होते. एकात जड गोळ्या, दुसऱ्यात हलक्या. रामेश्वर दुपारपासून त्या डब्यांकडे बघत बसला होता आणि नुसतं बघूनच दमला होता.

दोह्याच्या उत्तरेला, रुवैसजवळच्या या मजऱ्यावर, म्हणजे मालकाच्या शेतावर, काडतुसं भरायचं काम त्याच्याकडे होतं. मूळचा तो परभणीचा टर्नर. पण पंपाच्या दुरुस्तीपासून शेळ्यांच्या बाळंतपणापर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात पडायचं, त्यात हेही पडलं. रिकाम्या पितळी नळीत दारू मोजून घालायची, वर गोळी ठेवायची आणि दांडा दाबून पक्की करायची. थंडी सुरू झाली की कोल्हे कोकरांवर यायचे. म्हातारे मालक, ज्यांना सगळे बाबा म्हणत, ते मारायचे. कोल्हा कसला, आपल्याकडचं खोकडच ते, फक्त कान मोठे.

बाबा नमाजाला जाताना 'जड भर' एवढंच सांगून गेले होते. त्यांच्या मुलानं, जासिमनं, सकाळीच दोह्याहून फोन करून हलकी भरायला सांगितलं होतं. आणि बाबांना कळता कामा नये, असंही.

कारण होतं. मागच्या महिन्यात बाबांची गोळी पाण्याच्या टाकीला लागली. टँकरचा ड्रायव्हर महिपती तिथंच हात धूत होता, थोडक्यात वाचला. वडिलांची नजर गेली, आता त्यांच्या हातची बंदूक सुटली पाहिजे, असं जासिमनं ठरवूनच टाकलं. पण बापाला तोंडावर सांगणार कोण? त्यापेक्षा हे सोपं. बंदुकीवरची दुर्बीण जड गोळीच्या हिशोबानं बसवलेली होती. त्याच नेमानं हलकी गोळी सोडली की ती वरून जाते. नेम चुकला की म्हातारा आपणहून बंदूक ठेवून देईल. काम झालं की तुझ्या सुट्टीवर सही करतो, असं जासिम शेवटी म्हणाला होता. ती सही गेली दोन वर्षं होतच नव्हती.

खरं म्हणजे त्या दिवशी कोल्हा मेला होता. जड गोळी त्याच्यातून आरपार निघाली आणि टाकीवर आदळली. टाकीचं भोक सगळ्यांनी पाहिलं, कोल्हा कुणीच पाहिला नाही. रामेश्वरनंच तो नंतर पुरला. हलकी गोळी आतच फुटते, पुढं जात नाही. तेव्हा हलकी भरायची आणि दुर्बीण तिला जुळवून घ्यायची, एवढाच उपाय होता. रामेश्वरला तो ठाऊक होता आणि तो गप्प बसला होता. सही करणाऱ्या माणसाशी वाद घालायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

महिपती चहा घेऊन आला. जासिमच्या फोनचं त्याला ठाऊक होतं. टेबलाकडे बघून बाकीचं समजलं.

"भाऊ, बाबाला सांगून टाक की. हलकी भरतो, दुर्बीण फिरवून घ्या म्हणावं."

"आन् मग सुट्टी?" रामेश्वर म्हणाला. "बबीता पहिल्या बाळंतपणाला घरी आलीय. लेक माहेरी, आन् बाप इथं खोकडं मोजायलाय."

महिपतीनं टँकर टाकीपासून लांब नेऊन लावला. रामेश्वरनं हलक्या गोळ्यांचा डबा पुढं ओढला. त्याला स्वतःची लाज वाटत होती, पण हात सवयीनं चालत राहिले.

दिवस कलताना बाबा कुंपणाशी पोत्याला टेकून बसले. कुंपणापलीकडे दूर मातीचा उंचवटा होता. वारा पडला होता. रामेश्वरला समोर नुसती वाळू दिसत होती, तोवर बाबा हळूच म्हणाले, "वो आया. बायाँ कान फटेला."

रामेश्वरनं गळ्यातली दुर्बीण डोळ्याला लावली. कोल्हा होता. डावा कान फाटलेला होता.

बार निघाला. कोल्ह्याच्या पाठीच्या बराच वर उंचवट्यावर माती उडाली. कोल्हा पळाला.

बाबांनी दुसरं काडतूस घातलं नाही. ते खांद्यावर हात ठेवून बसून राहिले. जन्मभर बंदुकीचा दणका खाल्लेल्या खांद्याला फरक कळतोच.

"ये हल्का है," ते म्हणाले. मग विचारलं, "जासिम?"

रामेश्वरनं मान डोलावली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मोडक्यातोडक्या हिंदी-अरबीत त्यानं सगळं सांगितलं. सहीचं, लेकीचं, पहिलं बाळंतपण आईबापाच्या घरी करायची आपली रीत. आणि सगळ्यात शेवटी, जे आधी सांगायला हवं होतं तेही. दुर्बीण जरा फिरवली की ही गोळी नेमकी लागेल, पुढंही जाणार नाही, आत्ता बसवून देतो.

बाबांनी हातानंच नको म्हटलं. बंदूक रिकामी करून त्याच्याकडे दिली. इतका थकलेला त्यांचा चेहरा रामेश्वरनं पूर्वी पाहिला नव्हता.

कच्च्या रस्त्यावर जासिमच्या गाडीचे दिवे दिसले. गाडी घरासमोर थांबली. जासिम उतरून इकडेच बघत उभा राहिला.

बाबा उठले, कपड्यांवरची वाळू झटकली आणि हात पुढं केला.

"पकडो," ते म्हणाले. "मेरे को दिखता नहीं. तुम बेटी के पास घर जाओ."

रामेश्वरनं तो हात धरला. जासिमच्या देखत बाबा सपाट वाटेवरून एकेक पाऊल चाचपडत टाकू लागले.