यादीतलं शेवटचं नाव

पोपोकातेपेटल हे नकाशातलं नाव. पायथ्याचे आम्ही लोक त्या ज्वालामुखीला मानानं गोयोबाबाच म्हणतो. तो फुटला तर काय करायचं ते तालीम करकरून पाठ झालं होतं. चर्चची घंटा ऐकली की दारामागची पिशवी उचलायची आणि लष्कराचा ट्रक गाठायचा.

त्या दुपारी घंटा खरोखरच वाजली. राखेत शेजारचा माणूस ओळखू येईना, तरी अर्ध्या तासात सगळे ट्रकमध्ये होते. जवानानं घाईघाईनं हजेरी घेतली. शेवटचं नाव वाचलं, “गोयोबाबा?”

“ते होय? वर बसून धूर काढतायत,” युफेमियामावशी म्हणाली. “त्यांना कशाला नेतोस बाबा, त्यांच्यापायीच तर पळतोय आम्ही.”

भीतीनं गप्प झालेला अख्खा ट्रक खदखदून हसला. यादीत कुणीतरी चेष्टेनं लिहिलंय असं समजून जवानानं ते नाव खोडलं आणि ट्रक सुटला.

पुलापाशी हसू ओसरलं, तेव्हा कुठे मागचा आवाज कानावर आला.



घंटा अजून वाजत होती. “सगळे चढलात की मला हाक मारा, तोवर मी दोर सोडत नाही,” असं आमचे दुसरे गोयोबाबा दर तालमीत सांगायचे.