मशीनचा पूर

"जागाच न्हाय, ताई. काहीतरी उडवल्याशिवाय फिल्म तयार व्हायची न्हाय," सूरज म्हणाला.

मंगळवार पेठेतल्या रूपालीच्या छोट्या स्टुडिओत कॉम्प्युटरवर लाल पट्टी झळकत होती. डिस्क भरली होती. नदीकाठच्या एका गावाला पुरापासून सावध करणारी फिल्म उद्या ग्रामसभेत दाखवायची होती. क्लाउडवर जागा वाढवायची तर भाडं वाढणार, आणि कामाचे ठरलेले पैसे एआयकडून दृश्यं बनवून घेण्यातच संपले होते. आठ सेकंदांचं एक दृश्य मनासारखं यायला ते वीस-पंचवीसदा बनवावं लागे. फसलेलं दृश्यही जागा अडवून बसे.

डिस्कवर दोन मोठी फोल्डर होती. एकात मशीननं बनवलेला पूर. दुसऱ्यात गावकऱ्यांनी मागच्या पुरात काढलेले मोबाइल व्हिडिओ, नमुना म्हणून मागवलेले. हललेले, अंधूक. त्यांच्या फोनमधून ते केव्हाच पुसले गेले होते.

"मोबाइलवालं उडवतो. आपला पूर बघ की, कसला खराखुरा दिसतोय!"

दिसत होताच. रूपालीनं तो पुन्हा पाहिला. मग मोबाइलचे व्हिडिओ लावले, पहिल्यांदाच शेवटपर्यंत. आणि ती पुढं झुकली.

मशीनच्या पुरात पाणी नदीकडून, समोरच्या रस्त्यानं येत होतं. मोबाइलमध्ये रस्ता कोरडा होता आणि नदी फुगल्यानं घरांच्या मागचा ओढा उलटा वाहत होता. तानाबाई नावाची म्हातारी परसातून ओरडत होती, "अरं, मागनं आलं पाणी!"

"आपला उडव," रूपाली म्हणाली.

"तीन आठवड्यांचं काम हाय ते!"

"मशीनला सांगितलं तर ते उद्या परत पूर काढून दील. नदीला कसं सांगायचं, परत दाखव म्हणून?"

सूरजनं बटण दाबलं. संध्याकाळपर्यंत त्या हललेल्या व्हिडिओंचीच फिल्म झाली.

ग्रामसभेत आधी कुजबुज झाली. "हे तर आमचंच हाय. ह्यात नवीन काय?" मग पडद्यावर कोरडा रस्ता आणि मागं उलटा वाहणारा ओढा दिसला, तसे सगळे पुढं सरकले. आजवर गाव रस्त्यावर उभं राहून नदीच बघत आलं होतं. सरपंचांनी फिल्म पुन्हा लावायला सांगितली. त्याच सभेत ठरलं : ओढ्यात खुणेचा खांब रोवायचा, त्यापाशी पाणी उलटं फिरलं की निघायचं. उठताना तानाबाईनं रूपालीचा नंबर लिहून घेतला.

ऑगस्टमध्ये नदी चढली. चौथ्या दिवशी सकाळी फोन आला.

"पोरी, तानाबाई बोलतोय. घरात कंबरभर पाणी हाय बघ!"

रूपाली ताडकन उभी राहिली. "आणि माणसं?"

पलीकडून खणखणीत हसू आलं. "बुडायला हाय कोण तिथं? सगळी गल्ली कालच टेकावरच्या शाळंत आलीया की!"