साहेबाचा डबा

नत्थूजी मिस्त्रीनं वाटीत एरंडेल आणि साहेबाचं तेल कालवून स्टोव्हवर तापवली, तर त्यांचा चिकट गोंद झाला. शर्यतीसाठी मालगुजार मालकांच्या मोटारबोटीच्या इंजिनात वंगण म्हणून एरंडेल भरलेलं होतं. गोऱ्या साहेबानं आज विलायती वंगणतेलाचा डबा भेट दिला होता. "मालक, हे एरंडेलात मिसळलं तं इंजिन तलावाच्या मधोमध जाम होईन." "मंग साहेबाले नाही म्हणू काय गा? भर मुकाट्यानं!" मालक खेकसले. इंजिनापाशी नत्थूजीलाच बसायचं होतं, आणि त्याला पोहता येत नव्हतं. अंबाझरी तलावाच्या काठावर बँड सुरू झाला. सगळ्यांच्या नजरा तिकडे वळताच त्यानं डबा बोटीमागे पाण्यात रिकामा केला. "भरलं काय गा?" "भरलं, मालक." डबा उलटा धरून त्यानं मालकांना दाखवला. खाली पाण्यावर सातरंगी तवंग साहेब उभा होता त्याच पायरीकडे सरकत होता.