मागचं तोंड

"ते आधी उतरवा," व्यायाम घेणाऱ्या आफ्रीन मॅडम म्हणाल्या.

बायनाबाईनं डोक्यामागं बांधलेला मुखवटा घट्ट धरला. डाव्या हातानं. उजवा छातीच्या वर येतच नव्हता.

मुखवटा प्लास्टिकचा, माणसाच्या तोंडाचा, लाल ओठ, झुबकेदार मिशी. जंगलात तेंदूपत्ता तोडायला जाताना सगळ्याच बाया बांधतात. वाघ मागून येतो ना, तोंड दिसलं की बिचकतो! पण दवाखान्यात, व्यायामाच्या खोलीत तो बांधून बसणारी बायनाबाई एकटीच.

"इथं कुठला आला वाघ, बाई? मागून खांदा मोकळा करायचाय. आज हात कानापर्यंत नाही गेला, तर मोठे डॉक्टर भूल देऊन ओढतील. मग टाके उसवले, हाड मोडलं, तर माझ्या नावानं रडू नका."

"काढ ना माय," तिची लेक रिना म्हणाली. "लोक हासून राह्यले."

शेजारच्या पलंगावरचे मोडक्या पायाचे सोमाजीभाऊ खरंच हसत होते. "बाई, त्या मिशीवाल्याले चहा तरी पाजा!"

बायनाबाई हसली नाही. "मागं काय उरलं, ते साऱ्यांले दिसन."

"काईच नाई झालं मागं. कितीदा सांगू?" रिना म्हणाली.

बायनाबाईचा विश्वास नव्हता. वाघानं मानेला धरलं त्या जागी तिनं एकदाही बोट लावलं नव्हतं. आरशासमोरही ती पदर ओढून बसायची.

शेवटी रिनानंच दोरी सोडली. मॅडम मागं गेल्या. रबरी बूट, आवाज नाही. मानेजवळ दोन्ही हात ठेवले आणि दाबले.

"हाऽऽट! सोड! सोड रे!"

बायनाबाई उसळली. खुर्ची उलटली. कोपर मॅडमच्या नाकावर कचकन बसलं. व्यायामाची लाकडी काठी हातात आली आणि गरगर फिरली. धाड! आरसा फुटला. धाड! सोमाजीभाऊ मोडक्या पायासकट पलंगाखाली. पुढचा फटका रिनाच्या दंडावर. काठी परत वर गेली.

"माय! मी होये! रिना!"

काठी वरच थांबली.

मॅडम फरशीवर. नाकातलं रक्त हनुवटीवरून पांढऱ्या कोटावर. नाक दाबायचं सोडून त्या किंचाळल्या, "हलू नका, बाई! तसाच ठेवा! कोणता हात आहे तो?"

सगळ्यांनी वर पाहिलं.

उजवा. कानाच्याही वर.

काठी निसटून काचांवर पडली. बायनाबाई त्या हाताकडे, तो दुसऱ्याच कोणाचा असावा तशी पाहत राहिली. मग तो वाकला, मागं गेला, मानेवर टेकला. बोटं जखमेच्या खड्ड्यात उतरली. काठाकाठानं फिरली. परत एकदा फिरली.

"बस?" ती म्हणाली. "येवढंच नेलं त्यानं?"