हँडलवरचा पाइप

सीएनसी मशीनवर कापायचा लोखंडाचा तुकडा, म्हणजे जॉब, धरून ठेवणारे दोन नवे व्हाइस सेल्समनने टेबलावर मांडले. "हा फार घट्ट धरतो," तो म्हणाला.

"धरण्याचं सोडा, सुटतो कसा ते सांगा," बाजीराव म्हणाले. "मी आवळून गेलो की जुना व्हाइस बायकोला सुटत नाही. मनगट सुजलंय तिचं."

त्यांच्या बायकोने, मालनने, जुन्याच्या हँडलवर जास्त जोर लागावा म्हणून चढवलेला लांब पाइप काढला, नुसत्या हाताने जॉब आवळला आणि वर हातोडी मारली. जॉब हलला नाही. मग सुजल्या हातानेच तिने तो सहज सोडवला.

"तू समोर उभी असताना जॉब उडाला तर? म्हणून लावतो पाइप," बाजीराव पुटपुटले.

"आणा नवा," ती दमून म्हणाली. "पण पाइप आधी भंगारात टाका. नाहीतर नव्यालाही मलाच सोडवत बसावं लागेल."